दोनदा उघडलेला गिअरबॉक्स तिसऱ्यांदा वाजतोय: जुनी गाडी ठेवायची की काढायची?

आमची गाडी नोव्हेंबर २०१२ची. साधी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, १,२६,००० किलोमीटर पळालेली. गेल्या अठरा महिन्यांत तिचा गिअरबॉक्स दोनदा खाली उतरला. दोन्ही वेळा एकच बेअरिंग गेलेलं निघालं, दोन्ही वेळा नवं बसवलं, आणि दोन्ही वेळा सात-आठ महिन्यांत तीच घरघर परत सुरू झाली. तिसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा मिस्त्रीमामांनी नुसता आवाज ऐकला आणि हात पुसत म्हणाले, "वैनी, आता हिच्यात पैसा घालू नका. गिऱ्हाईक बघून काढून टाका." घरी सासऱ्यांचंही तेच मत पडलं.

मी अडून बसले. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. बोअर (गोल भोक), शाफ्ट (फिरणारा दांडा), बेअरिंगची सीट (ते बसतं ती जागा) मोजणं हे माझं रोजचं काम. आमच्याकडे एकच पार्ट एकाच जागी दोनदा रिजेक्ट झाला तर तिसरा लावून बघत नाहीत, मशीन थांबवतात आणि कारण शोधतात. गाडीच्या बाबतीत आम्ही दीड वर्ष फक्त पार्ट बदलत होतो. कारणच माहीत नसेल तर दुरुस्तीचा येणारा आकडा शेवटचा आहे की पुन्हा सात महिन्यांनी तेवढाच लागणार आहे, हे कसं कळणार? आणि ते कळल्याशिवाय गाडी ठेवायची की काढायची हे कशावरून ठरवणार?

कारण सापडलं. ते कसं सापडलं आणि मग हिशोब कसा मांडला, ते लिहिते. तुमची गाडी अजून गॅरेजला गेली नसेल, तर पहिला भाग नेण्याआधीच करून बघा. त्याला पाना-पेचकससुद्धा लागत नाही.

दुखणं गिअरबॉक्सचंच आहे का?

गिअर नीट पडत नाही, आवाज येतो, एवढ्यावरून "बॉक्स गेला" असं म्हणणारे खूप भेटतात. बॉक्स खाली उतरवायची मजुरीच काही हजारांत जाते, म्हणून आधी एवढं बघा.

गाडी सपाटीला उभी करा. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा, गिअर न्यूट्रलला, एसी आणि पंखा बंद. पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर ऐकू येते का? आता क्लच पूर्ण दाबा. घरघर थांबली, तर आवाज बहुतेक बॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा आहे, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. आमच्या गाडीचं लक्षण हेच होतं. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबून धरणारं बेअरिंग, बघायला सांगा. त्यासाठीही बॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. खर्चात मोठा फरक पडतो.

दुसरी चाचणी इंजिन बंद करून. बंद गाडीत पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडतात, पण इंजिन चालू केलं की पहिला अडकतो आणि रिव्हर्स कर्र करतो? मग क्लच पूर्ण कटत नाही. केबलची गाडी असेल तर केबल ताणली असेल, ऑइलवर चालणारा क्लच असेल तर खालचा सिलिंडर गळत असेल, किंवा प्लेटच संपली असेल. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे मैलभर हाफ क्लचवर गाडी ओढावी लागते. हंगाम संपता संपता आलेली क्लचची तक्रार गिअरबॉक्सच्या नावावर खपते, हे मी आमच्याच कॉलनीत दोनदा पाहिलं आहे.

गिअर लिव्हर आमटीतल्या पळीसारखा गरगर फिरत असेल, नेमका कुठला गिअर पडला तेच कळत नसेल, तर लिव्हरच्या खालचे बुश किंवा केबलची टोकं झिजलेली असतात. ते काम बॉक्सला हात न लावता होतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर लिव्हर पुढेमागे हलत असेल, गाडी जागेवरून सुटताना खालून ठक असा आवाज येत असेल, तर फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचं रबरी माउंटिंग बघा. एकानं ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकायचा आणि क्लच अगदी जरासा सोडायचा, दुसऱ्यानं बॉनेट उघडून बाजूनं बघायचं. समोर उभं राहायचं नाही. इंजिन एकदम उसळी मारत असेल तर फाउंडेशन तुटलेलं आहे. तुटलेल्या फाउंडेशनमुळे चालता चालता गिअर सुटूही शकतो.

वेगाबरोबर वाढणारी गुणगुण हा आणखी एक फसवा आवाज. रिकाम्या रस्त्यावर चालत्या गाडीत क्षणभर क्लच दाबा. गुणगुण तशीच राहिली आणि स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवल्यावर कमी-जास्त झाली, तर ते चाकाचं बेअरिंग असण्याची शक्यता जास्त.

एकाच गिअरला, बहुतेक वेळा दुसऱ्याला, टाकताना कर्र होतं आणि बाकीचे गिअर ठीक असतात, तर आतली पितळी रिंग झिजली आहे. गॅरेजात तिला कोन म्हणतात. हे खरोखर बॉक्सच्या आतलं दुखणं. पण थोडं सांभाळून, क्षणभर थांबून गिअर टाकला तर त्यावर गाडी बरेच दिवस चालते. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत अशी रिंग नसतेच, त्यामुळे गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकला तर कर्र होणारच. त्याला बिघाड समजू नका.

टाकलेला गिअर आपोआप सुटणं हे सगळ्यात गंभीर लक्षण. मागच्या पावसाळ्याआधी आम्ही राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं माझ्या माहेरी कणकवलीला निघालो होतो. घाट उतरताना दुसरा गिअर सुटला. लिव्हरनं एकदम न्यूट्रलमध्ये उडी मारली आणि गाडीनं वेग धरला. मागच्या सीटवर माझ्या दोन्ही मुली होत्या. यांनी ब्रेकवर गाडी सावरली, गिअर परत टाकला, आणि खाली फोंड्यापर्यंत लिव्हर हातानं धरून ठेवला. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो गिअरच जागेवर राहत नसेल तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून ज्यांची गाडी गिअर सोडते त्यांना कळकळीनं सांगते: हिशोब, कागदपत्रं, विक्रीची किंमत हे सगळं नंतर. दुरुस्ती होईपर्यंत आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, कुठल्याही घाटात ती गाडी घालू नका. पन्हाळ्याला आणि जोतिबालासुद्धा नको.

तेच बेअरिंग परत परत का जातं?

बेअरिंग एकदा जाणं हे वय झालं. त्याच जागी सात महिन्यांत पुन्हा जाणं म्हणजे त्याला कुणीतरी मारतंय.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर मी मिस्त्रीमामांकडून जुनं बेअरिंग मागून आणलं होतं. त्यांना आश्चर्य वाटलं, भंगारात पाच-दहा रुपयेही न येणारी वस्तू वैनींना कशाला हवी! तुम्हीही बदललेला प्रत्येक पार्ट मागून घ्या. मी ते शॉपमध्ये नेऊन ग्राइंडरवर कापलं आणि बाहेरची रेस, म्हणजे बाहेरची कडी, भिंगाखाली धरली. गोळ्या जिथून फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा उमटतो. बेअरिंग सरळ बसलेलं असेल तर तो पट्टा रेसच्या कडेला समांतर असतो. आमचा पट्टा तिरका होता, एका बाजूला वरच्या कडेला टेकलेला, समोरच्या बाजूला खालच्या. आमच्या कामात याचा अर्थ एकच काढतात, की शाफ्ट आणि बेअरिंगचं घर एका रेषेत नाही.

तिसऱ्या वेळी बॉक्स उतरवताना मी रजा टाकून गॅरेजात उभी राहिले. शाफ्ट काढून व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि वाकलाय का ते बघायला डायल लावला. सरळ होता. केसिंगचा, म्हणजे बॉक्सच्या बाहेरच्या कवचाचा, बोअर मोजला, तोही मापात. मग उरला इंजिन आणि बॉक्स यांचा जोड. तिथे कापडानं ऑइल पुसलं आणि दिसलं की दोन डॉवेलपैकी एकच जागेवर आहे. दुसऱ्याचं भोक मोकळं.

ज्यांचा मशीनशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टनी आवळलेला असतो, पण त्याची जागा बोल्ट ठरवत नाहीत. दहा एमएमच्या बोल्टला साधारण अकरा एमएमचं भोक ठेवतात, म्हणजे बॉक्सला सगळ्या बाजूंनी अर्धा मिलिमीटर सरकायला वाव असतो. त्याला नेमक्या जागी धरतात ते डॉवेल, दोन छोट्या पोलादी नळ्या किंवा पिना. एक डॉवेल नसला की बॉक्स दुसऱ्याभोवती किंचित फिरून बसतो. शाफ्टच्या मध्यावर ही चूक पाव मिलिमीटर धरली तरी २५० मायक्रॉन झाले, आणि बेअरिंगची सीट आम्ही पंधरा-वीस मायक्रॉनच्या आत तपासतो. बाहेरून काहीच दिसत नाही, गाडी चालतेही छान. आत इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगला वाकडं ओढत राहतो. फोंडा घाटात सुटलेल्या दुसऱ्या गिअरचं मूळही इथेच होतं. शाफ्ट तिरका चालल्यानं गिअरचे लॉक होणारे दात एका अंगानं झिजले होते.

डॉवेल कधी हरवला, तेही मागे जाऊन लक्षात आलं. पहिल्या दुरुस्तीच्या पाच-सहा महिने आधी क्लच प्लेट बदलली होती, वेगळ्या गॅरेजात. तेव्हा बॉक्स उतरवताना डॉवेल निघून पडला असणार आणि कुणी परत घातला नाही. पुढच्या दोन्ही वेळा बॉक्स जसा निघाला तसाच चढवला गेला. ऑइल इंजिनं घडवत ज्या गावाची कारखानदारी उभी राहिली, शिरोलीच्या फाउंड्र्यांत आणि उद्यमनगरच्या लेथवर जिथे डॉवेल हा शब्द पोराटोरांना माहीत, त्या गावात एवढ्याशा पिनेपायी आमचे साडेसत्तावीस हजार गेले. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

सगळ्यांच्या गाडीत डॉवेलच असेल असं नाही. परत परत बेअरिंग जाण्याची आणखी काही कारणं मिस्त्रीमामांशी बोलताना आणि स्वतःच्या कामावरून मला पटलेली आहेत. सगळ्यात नेहमीचं, ऑइल कमी. एक्सलच्या ऑइल अडवणाऱ्या सीलमधून थेंब थेंब गळतं, खाली चिखल चिकटतो म्हणून दिसत नाही, आणि छोट्या गाडीच्या बॉक्समध्ये मुळात दोन लिटरच्या आसपासच ऑइल असतं. दर सर्व्हिसला लेव्हलचा प्लग उघडून बघायला सांगा, कारण बहुतेक गाड्यांत गिअर ऑइलला इंजिनासारखी काडी नसते.

दुसरं कारण घाण. पहिलं बेअरिंग फुटलं तेव्हाचा चुरा केसिंगच्या कोपऱ्यांत राहिला तर नवं बेअरिंग तो चुरा दळत बसतं. बॉक्स उघडला की केसिंग पूर्ण रिकामं करून डिझेलनं धुतलंच पाहिजे. नुसतं एक बेअरिंग ओढून दुसरं ठोकणं ही दुरुस्ती नव्हे.

आणि ठोकणं हेच तिसरं कारण! शाफ्टवर बेअरिंग चढवताना हातोडी बाहेरच्या रेसवर मारली तर प्रत्येक फटका गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खड्डे पडतात. ते बेअरिंग पहिल्या दिवसापासून मेलेलं. प्रेसवर चढवायचं, आणि ज्या रेसचा फिट घट्ट तिच्यावरच दाब द्यायचा. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांत प्रेस मारून मिळतो, त्यासाठी मिस्त्रींना गळ घाला.

केसिंगमध्ये बेअरिंगची बाहेरची रेस सैल होऊन फिरू लागली असेल तर ते मोठं दुखणं आहे. काही जण बोअरला पंच मारून उंचवटे उठवतात आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखं दाखवतात. ते काही महिन्यांत पुन्हा सैल होतं. तिथे बोअर मोठा करून स्लीव्ह घालणं किंवा केसिंगच बदलणं हे दोनच उपाय.

ऑइलचा ग्रेडही बघा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. जीएल-५ हे आकड्यानं मोठं म्हणून चांगलं, असं समजून घालतात, पण त्यातली काही रसायनं पितळी कोनाला सोसत नाहीत.

पुराचं पाणी हा कोल्हापूरचा स्वतंत्र विषय. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून खूप वर गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी या भागांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला हवा खेळायला वर एक छोटं ब्रीदर असतं, तिथून पाणी आत जातं. अशा बॉक्सचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. लोकांनी इंजिन ऑइल बदललं, सीट वाळवल्या, गिअर ऑइल बऱ्याच जणांच्या ध्यानातच आलं नाही. त्या बेअरिंगांवर तेव्हा चढलेला गंज आज आवाज करतोय. जुनी गाडी विकत घेणार असाल तर त्या दोन पावसाळ्यांत ती कुठे उभी होती, हे पहिल्यांदा विचारा.

हिशोब

कारण सापडल्यावर आकडा पक्का झाला. इनपुटची दोन्ही बेअरिंग, दुसऱ्या गिअरचा कोन आणि हब, सगळे सील, डॉवेल, नवं ऑइल, आणि बॉक्स उतरलाच आहे म्हणून क्लच प्लेट, मजुरीसकट २४,००० रुपये. गाडी आहे तशी दिली तर एका व्यापाऱ्यानं ७०,००० सांगितले होते.

इथे बहुतेकांची गफलत होते. "सत्तर हजाराच्या गाडीला चोवीस हजार घालायचे?" असा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. मला ही तुलनाच चुकीची वाटते. गाडी विकून आपण घरी बसणार नाही, दुसरी काहीतरी घेणारच. म्हणून ही गाडी पुढची तीन वर्षं वापरायला किती लागतील, आणि तिच्या जागी जी येईल तिला किती लागतील, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

मी असे मांडले. गिअरबॉक्स २४,०००. टायर पुढच्या वर्षी लागणारच, १६,०००. पुढचं सस्पेन्शन ९,०००. आरसीचं नूतनीकरण आणि कर मिळून १०,००० धरले. हे झाले ५९,०००. आज ७०,००० येतायत, तीन वर्षांनी चालू गाडीचे ५०,००० येतील असं धरलं, म्हणजे आणखी २०,००० तिथे गेले. एकूण ७९,०००, छत्तीस महिन्यांनी भागले तर महिन्याला साधारण २,२००. पेट्रोल, विमा आणि नेहमीची सर्व्हिस दोन्हीकडे आहे म्हणून ती सोडून दिली.

नवी गाडी घेतली आणि सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर नुसता हप्ता महिना १२,४५०च्या आसपास. शेवटी नवी गाडी हातात राहते हे खरं, पण आमच्या घरात पुढची तीन वर्षं मोठीच्या शिक्षणाची आहेत, आणि महिन्याचे ते दहा हजार मला तिथे हवेत. अडीच-तीन लाखांची जुनी गाडी घेण्याचाही विचार केला. तिच्या गिअरबॉक्सचा डॉवेल जागेवर आहे की नाही हे मला कोण सांगणार? स्वतःच्या गाडीचं प्रत्येक दुखणं मला माहीत आहे, याची किंमत मी मोठी धरते.

आधीच्या दोन दुरुस्त्यांचे १६,००० आणि ११,५०० मी या हिशोबात घेतले नाहीत. ते गेले. "एवढे घातलेत म्हणून आणखी घालू" आणि "एवढे घातलेत म्हणून आता एक पैसाही नको" ही दोन्ही वाक्यं मी घरात बाजूला ठेवायला लावली. सासऱ्यांना हे पटायला दोन संध्याकाळी लागल्या. पटल्यावर टायरच्या दुकानात चौकशी करायला तेच गेले.

पंधरा वर्षांचा कागद

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची नोव्हेंबर २०२७ला संपेल. "पंधरा वर्षांनी गाडी मोडीतच घालावी लागते" असं अनेक जण ठामपणे सांगतात. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांचा तो नियम दिल्ली परिसरासाठी काढला होता. एमएच-०९च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाडीची तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा. एप्रिल २०२२मध्ये मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर. उशीर केला तर महिन्यागणिक दंड चढतो. तुमच्या गाडीला हे वर्ष जवळ आलं असेल तर गिअरबॉक्सचा खर्च आणि हा खर्च एकत्र धरून ठरवा. नाहीतर आज चोवीस हजार घालाल आणि सहा महिन्यांनी तपासणीत तळच गंजलेला निघेल.

मी कधी काढली असती

तळ गंजलेला असता, तर एका दिवसात. मिस्त्रीमामांनी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा मी पेचकसाच्या मुठीनं दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या), पुढच्या चाकांच्या कमानी आणि जिथे सस्पेन्शन बोल्टनं धरलेलं असतं त्या जागा ठोकून बघितल्या. खणखणीत आवाज हवा. भसका आवाज आला किंवा पत्रा आत गेला तर गिअरबॉक्सचं बोलणंच थांबवायचं, कारण बॉक्स बदलता येतो, सांगाडा नाही. कोकणात खाऱ्या हवेला राहिलेल्या आणि पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हे आधी बघा. इंजिन निळा धूर सोडत असेल आणि ऑइल पीत असेल तरीही मी थांबले असते. एका वेळी दोन मोठी कामं घेऊन जुनी गाडी परवडत नाही. केसिंगला तडा असेल, किंवा सीलसारखा साधा पार्टसुद्धा मागवून महिना महिना येत नसेल, तर तेच.

ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल एवढंच सांगते की, ज्यांत मशीन आपोआप क्लच दाबून गिअर टाकतं, त्या एएमटीचा आतला बॉक्स साध्या गाडीसारखाच असतो. बिघाड बहुतेक वेळा क्लचमध्ये किंवा गिअर टाकणाऱ्या यंत्रणेत असतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक, तिचं काम वेगळंच आहे. ते गल्लीतल्या गॅरेजात उघडू नका.

काढायचं ठरलं तर घेणाऱ्याला गिअरबॉक्सचं खरं सांगा. दाट ऑइल भरून आवाज दाबतात आणि दोन दिवसांत गाडी खपवतात. उद्या तो माणूस पोराबाळांना घेऊन आंबा घाट उतरणार आहे. आणि मोडीत द्यायची असेल तर परवानाधारक केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते, केंद्राच्या नियमानुसार खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत. नुसतं भंगारवाल्याला दिलीत तर कागदावर गाडी तुमच्याच नावावर राहते.

काम करून घेताना

भंगारातून निघालेला अख्खा बॉक्स बसवायचा पर्याय आम्हालाही सांगितला होता, १५,००० रुपयांत. काही वेळा तो बरोबर ठरतो, विशेषतः केसिंग गेलं असेल तेव्हा. पण घेण्याआधी त्याचा शाफ्ट हातानं फिरवून बघा, वर-खाली हलवून प्ले, म्हणजे ढिलाई, बघा, आणि आतलं उरलेलं ऑइल बोटावर घ्या. सोनेरी चमक दिसली तर कोन झिजलेत. कोरडा, धुऊन पुसून चकाचक केलेला बॉक्स मला जास्त संशयास्पद वाटतो.

आपलाच बॉक्स उघडत असाल तर सुट्टी काढून तिथे थांबा. बॉक्स चढवायच्या आधी मिस्त्रींना दोन्ही डॉवेल दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढा. राग येत नाही, नीट विचारलं तर उलट हौसेनं दाखवतात. आमच्या मिस्त्रीमामांनी तर स्वतःच जाऊन नवा डॉवेल आणला, भोकात बसवला आणि म्हणाले, "वैनी, मोजा बघू." मी व्हर्निअर लावला. तेव्हापासून त्यांच्याकडे क्लचला येणाऱ्या प्रत्येक गाडीचे डॉवेल ते आधी बघतात, असं त्यांनी मला परवा सांगितलं.

नवी बेअरिंग घातल्यावर पहिल्या हजार किलोमीटरला गिअर ऑइल एकदा काढून बघायचं. बऱ्याच बॉक्सच्या ड्रेन प्लगला चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर काळजी नाही, पार्ट एकमेकांत बसताना तेवढं निघतंच. बोटाला टोचणारी कपची किंवा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवा. आमच्या प्लगवर गेल्या आठवड्यात अर्ध्या चमच्याएवढा मऊ लेप निघाला. ऑइल बाटलीत ओतून दोन दिवस घराच्या खिडकीत उन्हाला ठेवलं होतं. तळाला काहीच बसलं नाही. आता पाच हजारांना पुन्हा बघणार.